वाळवंटी झाडांचं बी आणि सुरतची हवा

आमच्या घरी फ्रिजवर श्रीखंडाचा एक रिकामा डबा होता. त्यात अडेनियमच्या चाळीस बिया होत्या. माझ्या आजीच्या झाडाच्या. झाड त्याच पावसाळ्यात बुंध्यापासून कुजून गेलं होतं, त्यामुळे त्या झाडाचं म्हणावं असं जे काही उरलं होतं ते या डब्यात होतं. झाकण घट्ट होतं, डबा उंचावर होता, मुंग्या लागल्या नव्हत्या. फेब्रुवारीत आईने आणि मी तो उघडला तर आत कुबट वास आणि बियांवर राखाडी बुरशी. तरी पेरल्या. चाळीसातल्या तीन उगवल्या.

वाङ्मय मंडळाच्या अंकासाठी 'तुझ्या गावाबद्दल काहीतरी लिही' असा निरोप आला तेव्हा मला हा डबाच आठवला. तेव्हा आज गोष्ट किंवा कविता नाही. वाळवंटी झाडांचं बी कसं धरायचं आणि कसं टिकवायचं, एवढंच.

आधी जागा सांगते. सुरतहून बडोद्याकडे निघालं की तापी ओलांडून उत्राण, आणि मग कोसाड. मोठ्या गाड्या इथे थांबत नाहीत. तापीकाठच्या झोपडपट्ट्यांतून हलवलेल्या कुटुंबांसाठी महापालिकेने इथे इमारतींची मोठी वसाहत बांधली, तिला कोसाड आवास म्हणतात. आमच्यासारखी खानदेशातून कापडाच्या कामासाठी आलेली मराठी घरं या भागात बरीच आहेत. जमिनीचा तुकडा कुणाकडेच नाही. जी काही बाग ती गॅलरीत आणि गच्चीवर (आमच्याकडे मराठी माणूससुद्धा तिला अगाशीच म्हणतो). अगाशीवर उन्हाळ्यात पाय ठेववत नाही, आणि पाण्याची बादली चार जिने चढवायला कोणी राजी नसतं. मग तिथे टिकतं कोण? निवडुंग, कोरफड, अडेनियम, थोर, काट्यांचा मुकुट. थोडक्यात वाळवंटातली मंडळी.

ती झाडं टिकतात, बिया मात्र टिकत नाहीत. हे मला फार दिवस उलटं वाटायचं. वाळवंटातलं बी म्हणजे सगळ्यांत चिवट असणार, नाही का?

चिवट असतंच, पण एका अटीवर. वाळवंटात बी पावसाची वाट बघत पडून राहतं, कधी एक वर्ष, कधी कितीतरी वर्षं. हे जमतं कारण भोवतीची हवा कोरडी असते आणि बीही आतून तितकंच कोरडं होतं. कोरडं बी जवळजवळ काहीच करत नाही. त्याचा श्वास इतका मंदावतो की आतला शिधा संपत नाही. पाऊस आला की ते एकदम भिजतं आणि उठतं. म्हणजे त्याला दोनच गोष्टी ठाऊक, पूर्ण कोरडं किंवा पूर्ण ओलं. सुरतची हवा त्याला यातलं काहीच देत नाही. आमच्याकडे वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि समुद्र जवळ असल्यामुळे एरवीही हवेत दमटपणा असतोच. बी ही भोवतीच्या हवेतून ओलावा पिणारी वस्तू आहे, पावसाळ्यात पापड मऊ पडतो तशी. ते उगवण्याइतकं भिजत नाही, पण झोपण्याइतकं कोरडंही राहत नाही. अर्धवट जागं राहून श्वास घेत राहतं, शिधा खात राहतं, आणि त्याच ओलाव्यावर बुरशी वाढते. आमच्या श्रीखंडाच्या डब्यात नेमकं हेच झालं होतं. बिया आम्ही ऑगस्टमध्ये, भर पावसात डब्यात घातल्या होत्या. झाकण घट्ट होतं याचा आम्हाला अभिमान होता, पण घट्ट झाकण बाहेरचा ओलावा जसा आत येऊ देत नाही तसा आतला बाहेरही जाऊ देत नाही. डब्यात कोंडलं ते बियांना नव्हे, दमट हवेला.

उलटं उदाहरण मृत समुद्राकाठचं आहे. मसादा नावाच्या डोंगरी किल्ल्यावर १९६३ ते १९६५ या काळात उत्खनन झालं, त्यात खजुराच्या जुन्या बिया मिळाल्या. त्यातली एक २००५ साली इस्रायलमध्ये पेरली आणि ती उगवली. बी साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं निघालं. त्या रोपाला बायबलमधल्या सर्वांत दीर्घायुषी माणसाचं, मथुशलहाचं नाव दिलं गेलं. कुणी ते बी मुद्दाम राखून ठेवलं नव्हतं. तिथल्या कोरड्या हवेनेच ते राखलं. आपल्याला तसली हवा विकत मिळत नाही, पण एका काचेच्या बाटलीपुरती ती तयार करता येते. सगळी युक्ती तेवढीच आहे.

आता बी धरण्याबद्दल. प्रत्येक झाडाचा स्वभाव वेगळा, म्हणून मी आमच्या अगाशीवरच्यांपुरतंच सांगते.

अडेनियमपासून सुरुवात करू, कारण चुका सगळ्यांत जास्त त्यातच होतात. हे कण्हेरीच्या आणि चाफ्याच्या कुळातलं झाड, मूळचं आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं. चीक विषारी असतो (आफ्रिकेत तो बाणांना लावत), म्हणून हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका आणि लहान मुलांना शेंगा खेळायला देऊ नका. फुलं भरपूर येतात पण शेंग क्वचितच धरते, कारण परागकण फुलाच्या नळीत खोलवर लपलेले असतात. बारीक ब्रशने एका झाडाच्या फुलातले पराग दुसऱ्या झाडाच्या फुलात नेले तर शेंग धरण्याची शक्यता वाढते. शेंगा बहुधा जोडीने येतात, बैलाच्या शिंगांसारख्या. पिकायला दोन-तीन महिने लागतात. हिरवा रंग फिका पडून तपकिरीकडे झुकू लागला की समजायचं, दिवस भरले.

आणि इथेच घाई करायची नाही, उशीरही करायचा नाही. हिरवी शेंग तोडली तर बी पोचट निघतं. एक दिवस जास्त ठेवली तर शेंग उभी चिरते आणि बिया उडून जातात. अडेनियमच्या बीला दोन्ही टोकांना रेशमासारखे केसांचे झुबके असतात, वाऱ्यावर स्वार व्हायला. आमच्या पहिल्या शेंगेतल्या बिया शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पोचल्या होत्या. त्यावर उपाय सोपा. शेंग फुगली की तिच्याभोवती दोऱ्याचे चार-पाच सैल वेढे द्यायचे. आमच्या घरात एम्ब्रॉयडरीच्या दोऱ्याची अर्धी रिळं कायम पडलेली असतात, ती चालतात. उत्तरायणात उरलेला मांजा वापरू नका, काचेचा लेप शेंग कापतो आणि बोटंही. नाहीतर ओढणीच्या जाळीदार कापडाची छोटी पिशवी शिवून शेंगेवर चढवा. शेंग आतल्या आत फुटते, बिया पिशवीत राहतात. नंतर बोटांनी चोळून केस काढून टाकायचे. केस ओलावा धरतात, बुरशी तिथूनच सुरू होते.

काट्यांच्या मुकुटाला हीच पिशवी लागते, वेगळ्या कारणासाठी. त्याची तीन खणांची इवलीशी बोंडं सुकली की तडकतात आणि बी दूर फेकतात. या झाडाचं नाव ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटावरून पडलं असलं तरी ते मूळचं मादागास्करचं आहे. जेरुसलेमच्या गोष्टीत ते नंतर कुणीतरी कल्पनेने आणून लावलं असावं.

फड्या निवडुंगाची लाल बोंडं पूर्ण लाल आणि जराशी मऊ झाल्यावरच काढायची, तीसुद्धा चिमट्याने. दिसणाऱ्या काट्यांपेक्षा न दिसणारी कुसं वाईट, दोन दिवस बोटांतून निघत नाहीत. बोंड गॅसच्या ज्योतीवर फिरवून घेतलं की कुसं जळून जातात. मग चिरून गर पाण्यात कालवायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. गर आंबून सैल होतो, बी तळाशी बसतं. चहाच्या गाळणीत नळाखाली चोळून धुतलं की काम झालं. गर राहिला तर बी टिकत नाही, यात सूट नाही.

ज्यांच्याकडे निवडुंग नाही त्यांनी सराव बाजारातल्या ड्रॅगन फ्रूटवर करावा. २०२१ साली गुजरात सरकारने त्याचं नाव 'कमलम्' ठेवलं, पण आमच्या लारीवाल्याच्या तोंडी अजून ड्रॅगनच आहे. ते कुळाने निवडुंगच, फक्त वाळवंटातलं नव्हे, झाडांवर चढणारं जंगलातलं. एका फोडीत शेकडो काळ्या बिया. धुवायची, वाळवायची, पेरायची पद्धत तीच, आणि फसलं तर नुकसान अर्ध्या फळाचं. एक लक्षात ठेवा, निवडुंगाच्या कितीतरी जातींचं बी उजेडात उगवतं, म्हणून ते मातीत पुरायचं नाही, वरच पसरायचं.

कोरफडीच्या बियांच्या मागे लागू नका. घरातली कोरफड बहुतेक एकाच झाडाची पिल्लं असतात आणि तिला स्वतःच्या परागांनी बी धरत नाही. पिल्लं काढा, वाटा, विषय संपला. शमी आणि बाभूळ यांचं बी मात्र अगदी सरळ. शेंग झाडावर खडखडीत वाळू द्या, हलवली की आत बी वाजलं पाहिजे. त्यांचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकतात. पेरताना कवचाला नेलकटरने बारीक टवका काढावा लागतो किंवा गरम पाणी ओतून रात्रभर ठेवावं लागतं. बाभळीसाठी हे काम रानात शेळीचं पोट करतं.

आता वाळवणं. माझ्या मते सगळं यश-अपयश या पायरीवर ठरतं, आणि आपण नेमकी हीच पायरी उरकून टाकतो.

माझी आजी शिरपूरकडची. गावाला ती गिलक्याचं एक फळ वेलावरच वाळू द्यायची आणि तसंच अख्खं, बियांसकट, घरात टांगून ठेवायची. मक्याची बियाण्याची कणसं चुलीच्या वर, धुराच्या वाटेत. कडधान्यात चाळलेली कोरडी राख, कडुनिंबाचा पाला, कधी बिब्बे. बी गाडग्यात भरण्याआधी ती एक दाणा दाताखाली धरायची. कट्कन तुटला तर ठीक. नुसता दबला तर म्हणायची, "वलं शे आजून," आणि पुन्हा उन्हातून सावलीत, सावलीतून सुपात. मला तेव्हा हे सगळं जुनाट वाटायचं. आता कळतं की धूर, राख, दातांची परीक्षा या सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीवर होता, ओलावा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आई म्हणाली, "हे तर आपल्या आत्याबाईपण करायच्या." आत्याबाई म्हणजे आजी, तिची सासू. करायच्या खऱ्या. पण शहरात आल्यावर चूल गेली, राख गेली, आणि त्यांच्यासोबत ती सवयही गेली. उरला श्रीखंडाचा डबा.

फ्लॅटमध्ये हेच असं करता येतं. बी थेट कडक उन्हात टाकू नका, तापलेल्या अगाशीवर तर मुळीच नाही. जास्त उष्णतेने आतला अंकुर मरतो. स्टीलच्या ताटात एकेरी थर पसरून पंख्याखाली सावलीत आठ-दहा दिवस ठेवा, रोज हलवा. धुतलेलं ओलं बी वर्तमानपत्रावर पसरू नका, ते चिकटून बसतं. शक्य असेल तर हे काम हिवाळा संपता संपता करा, तेव्हा आमच्याकडे दुपारची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. शेंगा पावसाळ्यात पिकल्या तर पंखा पुरत नाही, कारण दमट हवेत बी एका मर्यादेपलीकडे वाळतच नाही. तिथे पुढची युक्ती लागते.

काचेची घट्ट झाकणाची बाटली घ्या, कॉफीची चालेल. तळाशी बियांच्या दुप्पट वजनाचे सिलिका जेलचे दाणे, कापडात बांधून. बूट-पर्सच्या खोक्यांतल्या पुड्या साठवल्या असतील तर त्याही, पण त्या आधीच हवेतला ओलावा पिऊन बसलेल्या असतात, म्हणून दाणे कोरड्या कढईत मंद आचेवर परतून घ्या. निळे दाणे ओले झाले की गुलाबी होतात. त्यांचा रंग विषारी असतो, म्हणून ते स्वयंपाकाच्या भांड्यात नकोत, नारंगी किंवा पांढरे घ्या. तेही नसतील तर तांदूळ. मूठभर तांदूळ कढईत चांगले गरम करा, झाकण ठेवून थंड होऊ द्या आणि लगेच बाटलीत घाला. बी कागदी पाकिटात घालून त्यावर ठेवा, झाकण लावा. आठवड्याभराने तांदूळ बदला. प्लास्टिकच्या पिशवीत बी भरून बाटलीत ठेवू नका, मग तांदळाचा उपयोग काय?

का एवढा खटाटोप, तर त्याला हिशेब आहे. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचे ठोकताळे वापरतात. बियांतला ओलावा एका टक्क्याने कमी केला की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. साठवणीचं तापमान पाच अंश सेल्सिअसने कमी केलं की पुन्हा साधारण दुप्पट. आणखी एक सोपा ठोकताळा असा की फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतली आर्द्रता यांची बेरीज शंभराच्या आत असावी. जुलैतली आमच्याकडची एखादी दुपार घ्या. ३० अंश सेल्सिअस म्हणजे ८६ फॅरनहाइट, आर्द्रता ८५. बेरीज १७१. आता फ्रिजचा खालचा कप्पा, ५ अंश म्हणजे ४१, आणि तांदळाच्या बाटलीतली आर्द्रता ३० धरू. बेरीज ७१. श्रीखंडाचा डबा फ्रिजच्या वर होता. तो फ्रिजच्या आत, कोरडा करून, हवा होता.

फ्रिजबद्दल एक ताकीद, कारण यात मीसुद्धा फसले आहे. बाटली बाहेर काढली की लगेच उघडू नका. ताकाच्या थंड ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच उघड्या बाटलीत थंड बियांवर सुटतं, आणि महिन्यांची मेहनत मिनिटात ओली होते. बाटली बंदच ठेवून चार-पाच तास खोलीत राहू द्या, मग झाकण काढा. फ्रीजर नको. पूर्ण न वाळलेलं बी गोठलं तर आतून फाटतं.

हे सगळं सगळ्याच बियांना लागू नाही हेही सांगायला हवं. आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाचं बी वाळवलं की मरतं. ती पावसाळी रानातली, त्यांना वाट बघायची सवयच नाही. अडेनियम मधेच कुठेतरी आहे. ते वाळवणं सहन करतं पण फार काळ थांबत नाही. ताजं बी उन्हाळ्याच्या उबेत आठवड्याभरात उगवतं, पुढे महिन्यागणिक उगवण घटत जाते. म्हणून अडेनियम पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंतच सांभाळा, निवडुंग खुशाल काही वर्षं ठेवा.

पाकिटावर लिहा. झाडाचं नाव, कुठल्या कुंडीतलं, फुलाचा रंग, बी काढल्याची तारीख. पेन्सिलने, कारण शाई पसरते. 'लक्षात राहील' हे वाक्य आमच्या घरी आता बंद आहे. आणि मोठी पेरणी करण्याआधी दहा बिया ओल्या रुमालात गुंडाळून उबदार जागी ठेवून पाहा. सात उगवल्या तर बी छान, दोन उगवल्या तर सगळंच लगेच पेरून टाका, आणखी थांबण्यात अर्थ नाही.

त्या तीन रोपांचं काय झालं ते राहिलं. एक पहिल्याच पावसात गेलं. दोन वाढली, बुंधे फुगले. आजीचं फूल गडद गुलाबी, मध्ये पांढरं होतं. पहिली कळी उमलली त्या सकाळी आम्ही सगळे अगाशीवर गेलो होतो. फूल फिकट निघालं, जवळजवळ पांढरं, कडेला गुलाबी रेघ. आई काही बोलली नाही. मला नंतर वाचून कळलं की अडेनियमचं बी बहुधा दोन झाडांच्या संकरातून येतं, त्यामुळे आईच्या झाडाचाच रंग हवा असेल तर फांदी लावावी लागते किंवा कलम करावं लागतं. आजीचं झाड धडधाकट असताना एक फांदी तोडून लावली असती तर ते फूल आज असतं. बी कितीही चांगलं राखलं तरी ते मिळालं नसतं. दुसऱ्या रोपाला अजून कळी आलेली नाही.

यंदा फिकट फुलाच्या झाडाला दोन जोड शेंगा धरल्या. दोरा बांधला, पिशवी चढवली, ताटात वाळवल्या, आईने एक बी दाताखाली धरायला घेतलं तेव्हा विषारी चिकाची आठवण करून द्यावी लागली, मग नखाने दाबून पाहिलं. सत्त्याऐंशी बिया. बाटली फ्रिजमध्ये कैरीच्या लोणच्याशेजारी आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीला त्यातली दहा-दहाची पाकिटं घेऊन येते. ज्यांना हवी असतील त्यांनी घरून येताना एक रिकामी काचेची बाटली आणावी, आणि रंग कुठला निघेल हे विचारू नये.